टर्बो गाडीला कॅटच्या मागे एक्झॉस्टची नळी किती इंची?

तापीकाठ

गाडी पोलो १.० टीएसआय. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सध्या कंपनीचाच आहे. पुढे फार तर स्टेज १ ट्यून (फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवणं), म्हणजे १३० ते १३५ पीएस. गाडी बीएस६ आहे, त्यामुळे कॅट कॉनला (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला) हात लावायचा नाही. कॅटच्या मागची एक्झॉस्टची सगळी लाइन स्टेनलेसमध्ये नवीन करायची आहे.

जळगावात दोन मतं मिळाली. एक म्हणतो दोन इंचीच्या वर जाऊ नका, बॅक प्रेशर (वायूला अडवणारा नळीतला दाब) गेलं की पिकअप जातो. दुसरा म्हणतो टर्बोला थेट तीन इंची टाका, जितकी मोठी तितकी चांगली. दोघांपैकी एकानेही गाडी किती पीएसची आहे ते विचारलं नाही. किमती नंतर बघू, आधी हिशोब सांगा.

वर्निअर

दुसरा निम्मा बरोबर आहे. पहिला चुकीचा आहे, पण त्याची चूक कुठून आली ते कळण्यासारखं आहे.

बिनटर्बोच्या इंजिनात एका सिलिंडरमधून निघालेला वायूचा झोत मागे पोकळी सोडतो आणि पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेतो. नळी फार मोठी झाली की झोताचा वेग मरतो, ओढ कमी होते, खालच्या आरपीएमला दम जातो. यालाच लोक 'बॅक प्रेशर लागतं' म्हणतात. लागतो तो वेग. अडथळा कोणत्याच इंजिनाला लागत नाही.

टर्बोत हे झोत टर्बाइनवर (वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चक्रावर) आपटून संपतात. त्यामुळे वेग राखायची जागा टर्बाइनच्या आधी, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमध्ये. तिथे नळी आखूड आणि बेताचीच हवी. टर्बाइनच्या मागे मात्र दाब जितका कमी तितकं बरं, कारण टर्बाइन फिरते ती आधीच्या आणि मागच्या दाबाच्या गुणोत्तरावर.

आकड्यात बघा. टर्बाइनआधी २.० बार आणि मागे १.३ बार (दोन्ही निरपेक्ष दाब), गुणोत्तर १.५४. आता मागचा दाब १.१ वर आणला. तेवढंच गुणोत्तर मिळवायला आधी फक्त १.६९ बार लागतात. म्हणजे मागे ०.२ बार वाचवले तर इंजिनासमोरचा दाब ०.३ बारने उतरला. पिस्टनला जळका वायू ढकलायला कमी जोर लागतो, सिलिंडरमध्ये उरलेला गरम वायू कमी होतो, नॉकिंगही (पेट्रोलचा अवेळी भडका) मागे हटतं. शिवाय टर्बो लवकर जागा होतो. टर्बो गाडीत मागची नळी मोठी केल्याने पिकअप जात नाही.

पण 'जितकी मोठी तितकी चांगली' यालाही शेवट आहे, तो खालच्या पोस्टमध्ये.

मेहरूण_तलाव

मग तीन इंची टाकल्यावर गाडी बसल्यासारखी वाटते, असं इतके जण का सांगतात?

वर्निअर

तीन कारणं. एक, आवाज बदलला की कान फसतो. जुना आवाज ज्या आरपीएमला 'जोर' सांगायचा, तो आता वेगळ्या ठिकाणी येतो. दोन, जोडात गळती. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असली की झोतांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) दिसतं, ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. तीन, ईसीयू वेस्टगेटची (टर्बाइनला बगल देऊन जास्तीचा वायू सोडणाऱ्या झडपेची) सवय नव्याने लावून घेतो, त्याला थोडं चालवावं लागतं.

आता हिशोब. पेट्रोल टर्बोला ढोबळमानाने दर १० अश्वशक्तीला मिनिटाला १ पौंड, म्हणजे सुमारे ०.४५ किलो हवा लागते. ११० पीएसला मिनिटाला ५ किलोच्या आसपास. त्यात पेट्रोलचं वजन धरून नळीतून सेकंदाला ०.०९ किलो वायू जातो. कॅटच्या मागे सरासरी ५०० अंश सेल्सिअस धरले तर त्या वायूची घनता घनमीटरला ०.४६ किलो, म्हणून घनफळ सेकंदाला जवळपास ०.२ घनमीटर.

नळीची जाडी १.५ मिमी धरून वेग असे निघतात:

दोन इंची (बाहेरून ५०.८, आतून ४७.८ मिमी): ११० मीटर प्रति सेकंद
सव्वादोन इंची (५७.२, आतून ५४.२): ८५
अडीच इंची (६३.५, आतून ६०.५): ६८
तीन इंची (७६.२, आतून ७३.२): ४७

मी पूर्ण दमावर ९० मीटर प्रति सेकंदाची रेघ धरतो. शंभराच्या वर गेलं की नुकसान भराभर वाढतं, कारण दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो. तेवढाच वायू, तेवढीच लांबी, तर व्यास वाढवल्यावर तोटा व्यासाच्या पाचव्या घाताने उतरतो. दोन इंचीवरून अडीचवर गेलात की तोटा एक तृतीयांशापेक्षा कमी. अडीचवरून तीनवर गेलात की उरलेल्याच्याही अडीचपट कमी. पण जो उरला होता तोच मुळात थोडा होता! इथे तीन इंची हरते: मिळकत नावापुरती, आणि वजन, आवाज, गाडीखालची जागा यांचा खर्च पूर्ण.

१३५ पीएसला सव्वादोन इंचीत वेग १०४ होतो, अडीचमध्ये ८४. ट्यून करायचा विचार असेल तर उत्तर अडीच. ट्यून कधीच नसेल तर सव्वादोन पुरते.

आर्गनवाला

कागदावर सव्वादोन पुरते, पण जळगाव-धुळ्यात ती आणणार कुठून? भो, ही गोष्ट नळी घ्यायच्या आधी नीट ऐका.

स्टेनलेसचे गोल, गुळगुळीत, न चेपलेले बेंड आपल्याकडे सहज मिळतात ते डेअरी फिटिंगचे. दूध संकलन केंद्रं, सरबताचे कारखाने यांना पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे. त्यांचे माप ५१, ६३.५ आणि ७६.१ मिमी. मध्ये ५७ नाही. म्हणजे अडीच इंचीचे ९० आणि ४५ अंशाचे बेंड हातात मिळतील, सव्वादोनचे बाहेरून मागवावे लागतील. तेवढ्या एका कारणावर मी अडीच घेईन.

दुसरं, हार्डवेअरच्या दुकानात 'दोन इंची स्टेनलेस पाइप द्या' म्हणू नका. ते पाइप एनबी मापाने विकतात, म्हणजे नावाचं माप. दोन इंच एनबी पाइप बाहेरून ५० नसून ६०.३ मिमी असतो. अडीच एनबी ७३ मिमी. दीड एनबी ४८.३ मिमी. दोन इंच एनबीत शेड्यूल १० (जाडीचा वर्ग) घेतला तर भिंत २.७७ मिमी, मीटरला ४ किलो वजन. सायलेन्सरला लागते ती ट्यूब, बाहेरच्या मापाने: ६३.५ गुणिले १.५ मिमी, मीटरला सव्वादोन किलोच्या थोडं वर. मापाचा हा घोळ झाला की एकाच लाइनीत ट्यूब आणि पाइप एकमेकांना बसत नाहीत, मग फॅब्रिकेटर हातोडीने तोंड फाकवतो आणि तिथेच चीर जाते.

वर्निअर खिशात ठेवा. दुकानदाराच्या 'इंची'वर भरोसा नको.

लळिंग

आर्गनवाला +१. एक भर. '३०४' जातीचं स्टेनलेस म्हणून रेलिंगची हलकी २०२ खपवतात. चुंबकाने हे कळत नाही, दोन्हीला चुंबक जवळपास धरतच नाही (बेंडवर थोडा धरतो, ते चालतं). ड्रॉप टेस्टचं किट असतं, थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की २०० सिरीज लाल पडते. भंगारवाल्यांकडे ते हमखास असतं. २०२ सायलेन्सरला चालेल, पण वेल्डच्या कडेने दोन पावसाळ्यांत तांबूस व्हायला लागते आणि पैसे तुम्ही ३०४ चे दिलेले असतात.

कंपनीची लाइन बहुतेक गाड्यांत ४०९ जातीची असते. तिला चुंबक घट्ट धरतो, वरून तपकिरी गंज दिसतो. त्या गंजाला घाबरून लाइन बदलायची गरज नसते.

तापीकाठ

मग प्रश्न तिथेच येतो. मुळात बदलायची गरज आहे का, हे मोजून कसं ठरवायचं?

वर्निअर

हेच आधी करायला हवं. पद्धत सोपी आहे.

कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर काढा. भोकाचे आटे एम१८ गुणिले १.५ असतात. त्याच मापाचा बोल्ट मधोमध आरपार पाडून त्याला ६ मिमीची लोखंडी किंवा तांब्याची नळी लावा. निदान ६० सेंटिमीटर नळी गुंडाळून ठेवा, म्हणजे वायू थंड होईल. तिच्यापुढे सिलिकॉन होज आणि शून्य ते ०.६ बारचा गेज. गेज काचेवर टेपने चिकटवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, चालवताना वाचू नका. शक्य असेल तर डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर), नाहीतर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस, साडेपाच हजारांपर्यंत. तिसऱ्यात वेग फार होतो, त्याची गरज नाही.

सेन्सर निघालेला असल्याने चेक इंजिन दिवा लागेल. नंतर स्कॅनरने कोड पुसा.

काटा ०.१ बारच्या आत राहिला तर लाइनीला हात लावू नका, पैसे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि टायरवर घाला. ०.१ ते ०.२ मध्ये थोडा फायदा. ०.३ च्या वर असेल तर नळी बदलणं वसूल होतं. दाब जास्त दिसला तर मागचा मफलर सोडवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा सगळा अडथळा एकट्या मफलरमध्ये असतो आणि नळी निर्दोष निघते.

आणि हो, हा गेज कॅटच्या मागे आहे, त्यामुळे कॅटमधला अडथळा त्यात धरलेला नाही. कॅटचा आतला भाग वितळून बसला असेल तर गेज निवांत दिसेल आणि गाडी तरी ओढणार नाही.

मेहरूण_तलाव

मे महिन्यात ४५ अंशात गाडी मेल्यासारखी चालते, कन्नड घाटात तर बघायलाच नको. मोठ्या नळीने ते सुटेल का?

वर्निअर

नाही. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशाला हवा ६ टक्के विरळ होते. ती तूट टर्बो जास्त फिरून भरून काढतो, पण जास्त फिरला की हवा आणखी तापते. इंटरकूलरमधून निघणारी हवा गरम, नॉकिंग दिसलं की ईसीयू इग्निशन मागे घेतो, दम गेला. वर एक्झॉस्टचं तापमानही चढतं. चाळीसगावकडून घाट चढताना वेग कमी, समोरून वारा कमी, त्यामुळे तिथे जास्त जाणवतं.

इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पात्यांतली कापसाची तूस, किडे आणि धूळ मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी होतात. आपल्याकडच्या गाड्यांना नळीपेक्षा याचा फरक जास्त पडतो.

सातपुडा_डिझेल

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. वरचा दर १० अश्वशक्तीला १ पौंड हा हिशोब डिझेलला लावू नका. डिझेल जास्त हवेवर चालतं, म्हणून १ पौंड हवेला साडेसात अश्वशक्तीच धरा. वायू मात्र थंड असतो, सरासरी ४०० अंश चालेल.

१.३ लिटरची ७५ पीएस डिझेल: दोन इंचीत ८३ मीटर प्रति सेकंद. पुरते. मोठी करू नका.

२.२ लिटरची १४० पीएस डिझेल: अडीच इंचीत ९७, तीन इंचीत ६६. इथे तीन इंचीला अर्थ आहे.

बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याचे दाबाचे, तापमानाचे सेन्सर असतात. त्यांच्या पुढेमागे कापाकापी केली की काजळी जाळायची रिजनरेशनची सायकल बिघडते, मग गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद कापून) जाते. डीपीएफच्या मागची फक्त नळी आणि मफलर एवढंच हाताळा.

तापीकाठ

ठीक. धरून चाला की काटा ०.३ च्या वर गेला आणि अडीच इंची ठरली. कॅटच्या फ्लँजला (बोल्टने जोडायच्या चकतीला) कंपनीचं भोक लहान आहे. तिथून अडीचवर एकदम गेलो तर?

आर्गनवाला

एकदम जाऊ नका. पायरी केली की तिथे वायू भोवरा मारतो आणि नळी मोठी करून कमावलेलं थोडं तिथेच घालवता. शंकू करा. ५५ मिमीवरून ६३.५ वर जायला ४० मिमी लांबीचा शंकू पुरे, दोन्ही बाजूंचा मिळून कोन १५ अंशांच्या आत राहतो. डेअरी फिटिंगमध्ये तयार रिड्यूसरही मिळतो.

फ्लँजचं भोक आणि गॅसकेटचं भोक दोन्ही बघा. फ्लँज ५५, गॅसकेट ४८, हे इतकं कॉमन आहे की विचारू नका. सगळी लाइन अडीच इंची आणि पहिल्याच जोडात ४८ मिमीची वाळा!

आता बेंड. ज्याच्याकडे फर्निचरचं पाइप बेंडिंग मशीन आहे त्याच्याकडे जाऊ नका. ते नळी आतून धरत नाही, त्यामुळे बेंडवर नळी चपटी होते. उदाहरण म्हणून, दोन इंची नळी बेंडवर आतून ४७ गुणिले ३५ मिमी लंबगोल झाली, तर क्षेत्रफळ १७९० वरून १२९० चौरस मिमी होतं. २८ टक्के गेलं. ती नळी आता कामापुरती दोन इंची राहिलीच नाही, पावणेदोनही नाही, त्याहून बारीक झाली. आणि असे चार बेंड असतात. दोन इंची 'बसत नाही' म्हणून जे तीन इंचीवर जातात, त्यांच्यातल्या निम्म्यांचा दोष व्यासात नसतो, चेपलेल्या बेंडमध्ये असतो.

जिथे तयार बेंड बसत नाही तिथे पाय कट. नळीच्या पाचरी कापून जोडायच्या, ४५ अंशाला ४ तुकडे. वेल्डिंग वाढतं पण आतून गोल राहतं.

लळिंग

वेल्डिंगबद्दलही लिही रे, तिथेच सगळं मार खातं.

आर्गनवाला

३०४ ला ३०४ जोडायला ३०८एल रॉड. ३०४ ला कंपनीची ४०९ किंवा साधं लोखंड जोडायचं असेल तिथे ३०९एल. उलट केलंत तर जोड दिसतो चांगला, पण थंड-गरम होऊन वेल्डच्या काठाने केसाएवढी भेग जाते.

सर्वांत महत्त्वाचं, नळीच्या आतूनही आर्गन सोडा. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद करा, एका बाजूने बारीक होज, दुसऱ्या बाजूला सुईएवढं भोक. नळीतली हवा निघून जाईपर्यंत थांबा, मगच टॉर्च लावा. आतून आर्गन नसेल तर वेल्डच्या मागे काळी, खरखरीत, साखर सांडल्यासारखी खपली तयार होते. ती वायूला अडवते, पुढे तुटून मफलरच्या जाळीत जाते, आणि भेगेची सुरुवात तिथूनच होते. वेल्ड चांगला की वाईट ते बाहेरून बघून कळत नाही. पहिल्या तुकड्याचा जोड करून घ्या आणि आत बोट फिरवा. गुळगुळीत लागला तर पुढचं काम द्या.

गाडीवर आर्क मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सरचे प्लग सोडा, अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. त्याहून चांगलं म्हणजे गाडीवर फक्त टॅक (तात्पुरते टाके) मारा आणि पूर्ण वेल्ड टेबलावर करा.

जोडांवर सिलिकॉन आरटीव्ही लावू नका, विशेषतः सेन्सरच्या आधी. त्याची वाफ सेन्सरला बसते आणि सेन्सर मरतो. सेन्सरचं नवीन बूच लावायची वेळ आली तर ते नळीच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर. खाली लावलं की सकाळी पाण्याचा थेंब गरम सिरॅमिकवर पडतो आणि ते तडकतं.

मेहरूण_तलाव

पाणी येतं कुठून इतकं?

आर्गनवाला

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफेवारी जातं. शहरातल्या शहरात, बाजार ते घर एवढीच चालवली की मफलर तापतच नाही, पाणी आत साचतं. मफलरच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक ठेवायचं.

तापीकाठ

आवाजाचं काय? हायवेला घोंघावणं नको. घरी आई-बाबा मागे बसतात.

वर्निअर

इथे तीन सिलिंडरचं दुखणं वेगळं आहे. झोतांची वारंवारता काढायची तर तीन सिलिंडरला आरपीएम भागिले ४०, चार सिलिंडरला भागिले ३०. २४०० आरपीएमला तुमची ६० हर्ट्झ, चार सिलिंडरची ८०.

घोंघाट मारायला बंद तोंडाची फांदी जोडतात, तिची लांबी आवाजाचा वेग भागिले चारपट वारंवारता. क्रूझिंगला वायू ३०० अंश धरला तर आवाजाचा वेग ४८० मीटर प्रति सेकंद. ८० हर्ट्झला दीड मीटर फांदी, कशीबशी बसते. ६० हर्ट्झला दोन मीटर! पोलोखाली कुठे घालणार? म्हणून तीन सिलिंडरला ही युक्ती सोडा आणि मागे कप्प्यांचा मफलर ठेवा. मध्ये आरपार जाळीचा रेझोनेटर (आवाज मारणारा छोटा डबा), ३५० ते ४०० मिमी लांब. त्यात साधं ग्लासवूल नको, बसाल्ट वूल किंवा स्टेनलेस वूलचा थर जाळीला लागून असावा, नाहीतर सहा महिन्यांत वूल उडून जातं आणि आवाज फाटतो.

आणि एक, मागे जाताना वायू थंड होतो, आक्रसतो. ३०० अंशाला तेवढाच वायू ०.१५ घनमीटर भरतो, दोन इंचीत ८० च्या आसपास वेग. म्हणून पुढे अडीच इंची आणि मागच्या एक्सलच्या पुढून दोन इंची असं केलं तरी ११० पीएसला नुकसान जवळपास शून्य, आवाज मात्र आवरतो. १३५ ला दोन इंचीत तो शंभराकडे जातो, तेव्हा मागेही अडीचच ठेवा. उलटं करणं, म्हणजे पुढे बारीक आणि मागे डब्याएवढं तोंड, हे फक्त लग्नाच्या वरातीत उपयोगी.

लळिंग

कायद्याचं राहून जाऊ नये. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं आहे हे. कॅट ठेवताय ते उत्तम. कॅट काढला की पी ०४२० चा (कॅट काम करत नाही) कोड येतो आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत राहत नाही.

सातपुडा_डिझेल

वेस्टगेटबद्दल कोणी बोललं नाही. मागचा दाब उतरला की टर्बाइनला जास्त जोर मिळतो. वेस्टगेटचं भोक लहान असेल तर ते पूर्ण उघडूनही वरच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) सरकत वर जातो. पी ०२३४, म्हणजे बूस्ट जास्त, आला तर हे. पी ०२९९, म्हणजे बूस्ट कमी, आला तर आधी इंटरकूलरचे होज आणि क्लिपा तपासा, नवीन नळीला शिव्या नंतर. फक्त कॅटच्या मागचं काम केलं तर कंपनीच्या ट्यूनवर पी ०२३४ सहसा येत नाही, पण पहिल्या आठवड्यात स्कॅनरवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघून घ्या.

तापीकाठ

बठ्ठं समजनं. शेवटचा प्रश्न. हँगर आणि खालची उंची. गावाकडे गतिरोधक म्हणजे बांध घातलेले असतात.

आर्गनवाला

३०४ गरम झाली की ४०९ पेक्षा जास्त लांब होते. अडीच मीटर लाइन सरासरी ४०० अंशांवर १६ मिमी वाढते, ४०९ असती तर ११. म्हणून हँगरचे रबर थंड असताना पुढच्या बाजूला थोडे कललेले ठेवा, गरम झाल्यावर सरळ होतील. थंडीत सरळ बसवले तर गरम झाल्यावर मागे ताणतात आणि टोक बंपरला टेकतं. प्लास्टिक, ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी यांच्यापासून २५ मिमी अंतर, नाही जमलं तर मध्ये ॲल्युमिनियमचं शील्ड.

इंजिन आडवं आहे, रेस दिली की पुढेमागे डुलतं. कंपनीचा जाळीचा फ्लेक्झिबल (लवचीक तुकडा) तसाच ठेवा, खराब असेल तर आत इंटरलॉक असलेलाच घ्या. नुसती जाळी आणि बेलो घेतला तर आतून फडफडतो आणि लवकर फुटतो. हिट रॅप गुंडाळायचा मोह होईल, कॅटच्या मागे त्याची गरज नाही. पावसात तो चिखल आणि पाणी धरून ठेवतो.

मागचा एक्सल टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे. लिफ्टवर गाडी उचलली की बीम लोंबतो आणि नळीला भरपूर जागा दिसते. ती खोटी जागा. गाडी चाकांवर उतरवा, मागे तीन जण बसवा, डिकीत गव्हाची दोन पोती टाका, मग खाली वाकून बीम आणि नळीमधलं अंतर बघा. उलटही बघा, बीम पूर्ण लोंबताना नळीवर बसत नाही ना.

उंचीसाठी: तीन इंची अडीचपेक्षा १३ मिमी खाली येते. पोलोला ती १३ मिमी परवडत नाहीत. सर्वांत खाली येतो तो रेझोनेटर आणि त्याचे बोल्ट, नळी नाही. म्हणून गोल नको, लंबगोल रेझोनेटर घ्या, आडवा बसवा. फ्लँजचे बोल्ट खाली लोंबू देऊ नका, नट वरच्या बाजूला. व्ही बँड क्लॅम्प लावणार असाल तर त्याचा स्क्रू बाजूला फिरवून ठेवा, खाली ठेवला तर पहिल्याच गतिरोधकावर वाकतो आणि मग तो ग्राइंडरशिवाय निघत नाही.

५०० किलोमीटरनंतर गाडी थंड असताना सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. गळती बघायला थंड गाडी सुरू करा, टोकाला ओली फडकी दाबून धरा, आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. एखादा जोड फुगे काढेलच, बहुतेक वेळा शंकूच्या मागचा.